साबणाच्या आधी

मार्च महिन्यातली सकाळ. सांगलीच्या गणपती पेठेतल्या एका लाँड्रीच्या फळीवर पांढरा सदरा उलगडून ठेवलेला आणि त्याच्या दोन बाजूंना दोन माणसं. बाई म्हणत होत्या, "दादा, मी दिला तेव्हा डाग पिवळा होता. आता हा तांबडा कसा झाला? काहीतरी सांडलंय तुमच्याकडं." लाँड्रीवाले म्हणत होते, "ताई, साबण लावलाय फक्त. दुसरं काही नाही." दोघंही खरं बोलत होते, म्हणून तर ते भांडण मिटत नव्हतं. बाईंनी शेवटी सदरा पिशवीत कोंबला आणि त्या निघून गेल्या. त्या सदऱ्याचं पुढं काय झालं असेल, हा विचार काही पाठ सोडत नाही. बहुतेक घरी जाऊन त्यांनी ब्रश घेतला असेल, वर आणखी साबण चोळला असेल, डाग आणखी गडद झाला असेल, आणि चांगला सदरा फरशी पुसायला गेला असेल. ज्या गावात राजापुरी हळदीचे सौदे निघतात, जिथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, जिथं उन्हाळ्यात मार्केट यार्डाच्या बाजूनं वारा आला की नाकाला आधी हळद कळते, त्या गावात हळदीच्या डागावरून दोन शहाण्या माणसांनी भांडावं, याचं वाईट वाटतं.

हळदीचा पिवळा रंग कुरकुमिनचा. हे द्रव्य आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळं राहतं, क्षार भेटला की तांबडं होतं. हळदीवर चुन्याचा संस्कार करून कुंकू होतं, त्यामागं हाच गुण आहे. धुण्याची वडी आणि पावडर दोन्ही क्षारी, त्यामुळं साबण लागताक्षणी डाग तांबडा दिसणारच. कापड जळलेलं नसतं, दुसरं काही सांडलेलंही नसतं. भरपूर पाण्यात खळबळून, शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर किंवा लिंबू पिळलं की तोच डाग पुन्हा पिवळा होतो. तो गेलेला नसतो, पण आपण निदान सुरुवातीच्या जागी परत आलेलो असतो.

आता तो काढायचा कसा. कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि स्पिरिटमध्ये विरघळतं. म्हणून कोरडी पूड उडाली असेल तर कपडा ओला करायचाच नाही. बाहेर नेऊन जोरात झटकायचा, उरलेली पूड कोरड्या ब्रशनं एकाच दिशेनं काढायची. आमटी, रश्शाचा डाग वेगळा, त्यात तेल असतं. वरचा ऐवज चमच्याच्या कडेनं खरवडून घ्यायचा आणि कोरड्या कापडावरच भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब बोटानं जिरवायचे. लिक्विडच घ्यायचं, भांड्यांची वडी नको, कारण लिक्विड बहुधा उदासीन असतं आणि वडी क्षारी. १५ मिनिटांनी गार पाण्यात धुवायचं. गरम पाण्यानं हा डाग सुती धाग्यात आणखी बसतो. एवढ्यावर फिका पिवळा डाग उरतोच. तेव्हा कपडा वाळवून, डागाखाली जुन्या धोतराची चौपदरी घडी ठेवायची आणि उलट बाजूनं सर्जिकल स्पिरिटचा बोळा टिपायचा. रंग खालच्या घडीत उतरतो, तसतशी घडीची जागा बदलायची. गॅस पेटता असेल तर हे स्वयंपाकघरात करू नये, आणि रंगीत कपड्याला आधी आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून बघावा.

आणि मग ऊन.

कुरकुमिनला उजेड सोसत नाही. धुतलेला कपडा ओला असतानाच डागाची बाजू सूर्याकडं करून वाळत घालायचा. वाळला आणि डाग उरलाच, तर पाण्याचा हबका मारून पुन्हा उन्हात. फेब्रुवारी ते मे, म्हणजे नेमकं हळदीच्या हंगामातलं, लग्नसराईतलं, इकडचं ऊन एक-दोन दुपारींत हे काम फुकट करतं. पांढऱ्या सुती कपड्याला ब्लीच चालतं, ५ लिटर पाण्यात १५ मिली, १० मिनिटं. रेशीम, लोकर आणि ताणणाऱ्या कापडाला ते लावायचं नाही. पण ऊन असताना ब्लीचची बाटली उघडायची गरज का पडावी, हे कळत नाही. एकच पथ्य: डाग पुरता जाईपर्यंत इस्त्री फिरवायची नाही. गाव हळदीचं असल्यामुळं इथल्या धुण्याला हे सगळं ठाऊक असायला हवं होतं. दोऱ्या मात्र गच्चीवरून बाल्कनीत आल्या, बाल्कनीला काचा लागल्या, आणि उन्हाशी गाठच पडेनाशी झाली. काचेआडचं ऊन डागावर अगदीच निरुपयोगी नसतं, तरी ते मंद. आठवड्यातून एकदा तरी पांढरे कपडे गच्चीवर न्यावेत.

ऊस गाळपाच्या दिवसांत वेगळाच त्रास. कारखान्याच्या आसपासच्या गावांत वाळत घातलेल्या धुण्यावर बॉयलरच्या धुराड्यातून उडालेली बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची काजळी येऊन बसते. काळ्या, हलक्या, बोटाएवढ्याही नसलेल्या चकत्या. दिसली की हात आपोआप पुसायला जातो आणि तिथंच घात होतो. काजळी म्हणजे निव्वळ कार्बन. तो कशातच विरघळत नाही, नुसता बारीक होऊन धाग्यांच्या मध्ये जाऊन बसतो. चकती पडली तर कपडा तसाच पुरता वाळू द्यावा, मग दोन कोपरे धरून झटकावा. राहिलेला कण चिकटपट्टीनं उचलावा. त्यानंतरच साबण. उसाच्या रसाचं याच्या उलट. रस सांडला तेव्हा काही दिसत नाही, वाळल्यावरही दिसत नाही, म्हणून सदरा तसाच घडीच्या ढिगात जातो, आणि इस्त्रीच्या उष्णतेनं आतली साखर करपली की तपकिरी नकाशा उमटतो. गुऱ्हाळावरून, रसवंतीवरून आलेला कपडा कितीही स्वच्छ दिसो, साध्या गार पाण्यातून दोनदा काढला की हा प्रश्न उरत नाही. साखर पाण्यात सुखानं विरघळते, तिला साबणाचीही गरज नसते.

मातीबद्दलही असंच. कृष्णाकाठची काळी माती म्हणजे फार बारीक कणांची चिकणमाती. ओली असताना चोळली की ती विणीत शिरते. पँटीचे पाय चिखलानं माखलेले असले तरी रात्रभर तसेच वाळू द्यावेत. सकाळी दगडावर दोन-चार वेळा आपटले, ब्रश मारला की निम्म्याहून अधिक माती निघून जाते. पुढं नुसत्या पाण्यात, पाणी निवळ दिसेपर्यंत खळबळायचं. गढूळ पाण्यात पावडर टाकली तर ती मातीलाच खर्ची पडते. सातारच्या पश्चिम अंगाची, महाबळेश्वर-पाचगणीकडची तांबडी माती मात्र लोहाची. तिच्या डागावर ब्लीच टाकलं तर डाग गंजासारखा पक्का होतो. तिथं लिंबूफूल चालतं: एक चमचा सायट्रिक आम्ल कपभर पाण्यात, १५ मिनिटं, मग भरपूर पाणी. त्याच भागातून आणलेल्या स्ट्रॉबेरीचा डागही साबणावर रंग बदलतो, लालाचा निळसर काळपट होतो. त्यालाही आधी लिंबू किंवा व्हिनेगर, नंतर साबण.

या सगळ्यात वेळ जातो, अशी तक्रार असते आणि ती खोटी नाही. दोघं कामाला जाणारी, मुलांच्या शाळा, नळाला पाणी यायची ठरलेली वेळ. पण वेळ जातो तो बहुतेक डाग ओळखण्यात. ज्याच्या अंगावर डाग पडला त्याला तो कसला आहे हे पक्कं ठाऊक असतं, आणि जी धुवायला बसते तिला ते कुणी सांगत नाही. ती अंदाजानं साबण लावते. धुण्याच्या टोपलीजवळ चार चिमटे टांगून ठेवावेत. डाग पडलेल्या जागी चिमटा लावून, तोंडानं "रस्सा आहे", "ग्रीस आहे", "रक्त आहे" एवढं सांगूनच कपडा टोपलीत टाकायचा, हा नियम घरातल्या पुरुषांना आणि पाचवीच्या पुढच्या मुलांना सहज जमण्याजोगा आहे. रक्ताला गार पाणी आणि मीठ, ग्रीसला कोरड्यावर लिक्विड, शाईला स्पिरिट. खिसे ज्याचे त्यानं उलटे करायचे. मला यात सवलत द्यावीशी वाटत नाही.

आता पाण्याकडं येऊ, कारण धुणं बिघडण्याचं अर्धं कारण तिथं आहे. नदीचं पाणी येतं त्या गावांना त्याची झळ कमी. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव या पूर्वेच्या पट्ट्यात आणि शहरातही बोअरवर चालणाऱ्या इमारतींत पाणी जड, म्हणजे कॅल्शियमनं कठीण झालेलं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरमागं २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घेता येतो. घरच्या घरी ओळखायचं तर बाटलीत पाणी घेऊन अंगाच्या साबणाचा तुकडा टाकून हलवावं. फेसाऐवजी दह्यासारखी साय धरली तर पाणी जड. तीच साय कपड्यात बसते, टॉवेल पत्र्यासारखे ताठ होतात, पांढरे कपडे राखाडी पडतात. मग माणूस पावडर वाढवतो, पावडर पुरती निघत नाही, कपडा आणखी ताठ होतो.

उपाय धुण्याच्या सोड्याचा. खायचा सोडा वेगळा, तो इथं कामाचा नाही. सोडा पाण्यातल्या कॅल्शियमला धरून खाली बसवतो. पाण्याचा कठीणपणा ४०० मिलिग्रॅम असेल तर १५ लिटरच्या बादलीला साधारण ६ ते ७ ग्रॅम कोरडा सोडा, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा भरून थोडा वर. खड्यांच्या रूपातला सोडा असेल तर त्यात पाणी धरलेलं असतं, तो पावणेतीन पट, म्हणजे १७-१८ ग्रॅम लागतो. घाईच्या घराला सोपं पडतं ते असं: रात्री २०० लिटरचं पिंप भरलं की त्यात ८५ ग्रॅम सोडा मगभर पाण्यात विरघळवून ओतायचा, काठीनं ढवळायचं आणि झाकण लावायचं. सकाळी तळाला पांढरा गाळ बसलेला असतो. वरचं निवळ पाणी मगानं काढून घ्यायचं, तळातलं चार बोटं पाणी सोडून द्यायचं, झाडांना घालायचं नाही. या पाण्यात पावडर निम्मीही पुरते. रेशीम आणि लोकर यांना हे पाणी लावायचं नाही. त्यांच्यासाठी रिठे: आठ-दहा रिठे बिया काढून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायचे, सकाळी कुस्करून गाळायचे आणि कपडा न पिळता त्यात बुचकळून काढायचा. आधीच ताठ झालेल्या टॉवेलांना शेवटच्या बादलीत एक चमचा सायट्रिक आम्ल, २० मिनिटं. जरीला नको. आणि ब्लीच असलेल्या पाण्यात हे आम्ल किंवा व्हिनेगर कधीही पडू देऊ नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो.

मशीन अर्ध-स्वयंचलित असेल तर पाण्याच्या तुटवड्यात ती फारच उपयोगी. एकाच साबणपाण्यात आधी पांढरे, मग फिके रंगीत, मग गडद, शेवटी पायपुसणी आणि कामाचे कपडे. एका पाण्यात या चार घाण्यांच्या वर जाऊ नये. खळबळायच्या आधी प्रत्येक घाणा पिळायच्या टबात एकदा फिरवून घेतला तर साबणाचं पाणी निघून जातं आणि खळबळायला एक बादली कमी लागते. धुण्याचा टब तीन चतुर्थांशच भरायचा. कपडे एकमेकांवर घासले जातात तेव्हाच मळ निघतो, आणि गच्च भरलेल्या टबात ते नुसते पिंडासारखे एकत्र फिरतात. नीळ द्यायची तर ती मगभर पाण्यात आधी पुरती विरघळवून मगच बादलीत, आणि कपड्यात साबणाचा अंश उरलेला नसताना. निळे डाग पडतात ते या दोन चुकांमुळं.

फवारणीचे कपडे या सगळ्यातून बाहेर ठेवायचे.

तासगाव, मिरज, खानापूर, पलूस भागात ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांत डाऊनी आणि भुरी या रोगांच्या भीतीनं फवारण्यांची रांग लागते. बागेतून आलेला माणूस दमलेला असतो, कपडे काढून मोरीत टाकतो, आणि ते लेकराच्या लंगोटासोबत भिजतात. ही गोष्ट मनाला फार लागते, कारण इजा दिसत नाही आणि जिला व्हायची ती बाई फवारा मारायला गेलेलीही नसते. हे कपडे बागेतच किंवा गोठ्याजवळ बदलावेत, वेगळ्या बादलीत ठेवावेत, त्याच दिवशी धुवावेत. हातात रबरी मोजे हवेत. आधी दोनदा नुसत्या पाण्यातून काढायचे, मग सोसेल तितक्या गरम पाण्यात पूर्ण मापाची पावडर, मग दोनदा खळबळायचं. औषध तेलकट असेल तर हे सगळं परत एकदा. वाळवायचे उन्हात, बाकीच्या धुण्यापासून लांब. मशीन वापरली तर नंतर ती गरम पाणी आणि पावडर घालून एकदा रिकामी चालवायची. पहिलं पाणी ओढ्यात, विहिरीजवळ सोडायचं नाही. आणि बाटलीतलं न मिसळलेलं औषध सांडून कपडा भिजला असेल तर तो धुवायच्या भानगडीत पडू नये, टाकून द्यावा. बोर्डो मिश्रणाचे, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या फवाऱ्याचे निळसर डाग मात्र तांब्याचे असतात, ते औषध धुऊन गेल्यावर सायट्रिकच्या पाण्यात उतरतात.

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर सांगलीत धुण्याचे जे डोंगर उभे राहिले ते पाहिलेल्या माणसाला चिखलाचा तो वास ओळखीचा आहे. आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडू लागलं की पहिल्या मजल्यावर सामान चढवताना कपड्यांचा नंबर शेवटी लागतो, आणि तो लागायलाच हवा. राहिलेले कपडे वाचवता येतात. चिखलातले कपडे मशीनमध्ये घालायचे नाहीत, आणि बुडालेली मशीन मेकॅनिकनं उघडून वाळवल्याशिवाय चालू करायची नाही. मोजे घालून, कपडे उघड्यावर पसरून पाइपच्या पाण्यानं चिखल काढायचा, मग बादलीत पाणी निवळ होईपर्यंत. माती राहिलेली असताना ब्लीच वाया जातं आणि तपकिरी डागही पक्के होतात. नंतर पांढऱ्या सुती कपड्यांना १० लिटरला ५० मिली ब्लीच, अर्धा तास. रंगीत सुती कपड्यांना उकळतं पाणी सोसत असेल तर ते, नाहीतर गरम साबणपाण्यात दोन वेळा. शेवटी कडक ऊन, आणि पावसाळ्यात ते नसेल तर पंख्याखाली एकेक कपडा सुटा. ओला ढीग दोन दिवस राहिला की बुरशीचे काळे ठिपके पडतात, आणि ते गाळापेक्षा चिवट निघतात.

नवरात्राआधीच्या धुण्याचं सांगायचं राहिलं. घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात कृष्णेच्या, वेण्णेच्या, येरळेच्या काठी वाकळांची, म्हणजे गोधड्यांची गर्दी होते ती आता कमी झाली असली तरी संपलेली नाही. वाकळ मशीनमध्ये घालण्याचा मोह टाळावा. कोरडी ३ किलोची वाकळ पाणी पिऊन १० किलोच्या वर जाते, टब एका अंगाला झुकतो, आणि मशीन वाचली तरी जुन्या लुगड्याचे आतले थर फाटून गोळे होतात. गच्चीवर किंवा न्हाणीघरात मोठ्या टबात कोमट सोडापाण्यात पावडर विरघळवून ती तासभर भिजवावी, पायानं तुडवावी, पाणी दोनदा बदलावं. पिळू नये, टाके तुटतात. कठड्यावर दुमडून टाकून तासभर पाणी निथळू द्यावं आणि मगच दोन वलण्यांवर तंबूसारखी ताणावी, म्हणजे मधून वारा जातो. दर दोन-तीन तासांनी बाजू बदलावी. वरून वाळली वाटते तेव्हाही मधले थर ओले असतात. दोन तळव्यांमध्ये मधला भाग धरून दाबावा, गार लागला तर आणखी एक दिवस बाहेर. घडी घालून कपाटात टाकण्याआधी सुटलेले टाके घालून घ्यावेत. सुई स्वच्छ वाकळीतून सहज जाते, आणि साबण राहिलेल्या वाकळीत ती अडते. अडलीच तर पुन्हा एकदा नुसत्या पाण्यातून काढावी.